डबा संपवण्याचा प्रश्न

शाळेतून परतलेल्या मुलाच्या दप्तरातला डबा बाहेर काढायचा, तो हातात तोलून पाहायचा आणि डबा संपवला का असे विचारायचे, हा महाराष्ट्रातील असंख्य घरांचा नित्यक्रम असला, तरी हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. मुलाला दिवसातून दोन वेळा पोटभर खायला मिळेल की नाही, हीच ज्या समाजाची दीर्घकाळ विवंचना होती, तेथे दिलेले अन्न त्याला आवडले की नाही याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. आणि ज्या थोड्या घरांत अन्नाची ददात नव्हती, तेथे शिजवलेले अन्न घराबाहेर न्यावे की नाही हा त्याहून मोठा पेच होता. शाळेच्या डब्याचा इतिहास हा म्हणूनच पाककृतींचा इतिहास कमी आणि वेळापत्रक, भांडी, सोवळे-ओवळे व लाज यांचा इतिहास अधिक आहे.

इंग्रजी अमलापूर्वीच्या आणि त्यानंतरही बराच काळ टिकून राहिलेल्या पंतोजींच्या शाळांत डब्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण ती शाळा गल्लीतल्या एखाद्या ओसरीवर, देवळात किंवा सावकाराच्या पडवीत भरत असे आणि मुले मधल्या वेळी जेवायला घरी जाऊन पुन्हा धुळाक्षरे गिरवायला येत. अन्न बांधून न्यायचे ते प्रवासाला किंवा शेतावर, आणि त्याला शब्द होता शिदोरी. या शब्दाला मराठी मनात एक वेगळी ऊब आहे, कारण गाई राखायला गेलेल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवल्या आणि श्रीकृष्णाने त्या सर्वांबरोबर खाल्ल्या ही गोपाळकाल्याची कथा वारकरी कीर्तनांतून घरोघर पोहोचली होती, आणि काल्याच्या कीर्तनाशिवाय हरिनामाचा सप्ताह आजही पुरा होत नाही. मात्र कथेतला काला हा वर्षातून एखाद्या दिवसाचा प्रसाद होता. रोजच्या व्यवहारात कोणाची शिदोरी कोणी शिवावी याचे नियम कडक होते.

त्या नियमांचा परिणाम थेट पदार्थांवर झालेला दिसतो. पाण्यात शिजवलेला भात किंवा पाण्याने भिजवलेल्या पिठाची भाकरी ही सोवळ्याच्या व्यवस्थेत खरकटी, म्हणजे स्पर्शाने चटकन विटाळणारी, मानली जाई. उलट दुधात भिजवलेले, तुपात तळलेले किंवा नुसते भाजलेले धान्य या बंधनातून बरेचसे सुटत असे. प्रवासासाठी दशमी करण्याची प्रथा यातूनच रूढ झाली. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून केलेली पोळी, जी एकीकडे विटाळाच्या नियमातून पळवाट देते आणि दुसरीकडे दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहते. धर्माने घातलेली अट आणि टिकाऊपणाची गरज एकाच पदार्थात भागल्याचे हे उदाहरण मोठे गमतीचे आहे, कारण शतकभरानंतर सोवळे विसरलेल्या घरांतही डब्यासाठी कणीक दुधात भिजवण्याची क्लृप्ती चालू राहिली, फक्त तिचे कारण बदलले.

एकोणिसाव्या शतकात कचेऱ्यांच्या वेळेने शाळांच्या वेळेला वळण लावले. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ही वेळ सरकारी नोकरीसाठी ठीक असली, तरी दोन जेवणांमधले अंतर तिने इतके लांबवले की मध्ये काहीतरी खाणे भाग पडले, आणि मधली सुट्टी ही नवी संस्था जन्माला आली. ही वेळ किती परकी वाटत होती याची खूण मुलींच्या शिक्षणावरील वादात सापडते. पुण्यात १८८४ मध्ये, पुढे हुजूरपागा म्हणून ओळखले गेलेले, मुलींचे हायस्कूल सुरू झाल्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी त्याच्यावर जे आक्षेप घेतले, त्यांत अभ्यासक्रमाबरोबर शाळेच्या वेळेचाही समावेश होता; मुलगी सबंध दिवस घराबाहेर राहिली तर ती घरकाम कधी शिकणार, असा त्यामागचा सूर होता. डबा करणे हे पुढे जिच्या गळ्यात पडायचे होते, तिने स्वतः शाळेत दुपारभर थांबावे की नाही यावरच आधी खल झाला, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

गावाहून पुण्या-मुंबईला शिकायला आलेल्या मुलाजवळ तर डबा भरून देणारे घरच नव्हते. ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी त्यावर दोन तोडगे रूढ होते: माधुकरी, म्हणजे ठरावीक घरांतून शिजवलेले अन्न झोळीत मागून आणणे, आणि वार लावणे, म्हणजे आठवड्याचा प्रत्येक वार एकेका घरी जेवणे. एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी उपास घडे, आणि पानात जे पडेल ते मुकाट्याने खाणे हा तर शिक्षणाचाच भाग समजला जाई. इतर जातींच्या मुलांना हा आधारही नव्हता. त्यांच्यासाठी अन्नाची सोय करणे म्हणजेच शिक्षणाची सोय करणे आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ पासून उभ्या केलेल्या वसतिगृहांचे आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगचे स्थान मोठे आहे. साताऱ्याच्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व जेवत, आणि मुलांच्या तोंडात घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. मूल भाजी टाकते आहे ही तक्रार या पार्श्वभूमीवर किती अलीकडची आहे हे वेगळे सांगायला नको.

वसतिगृहाबाहेर, रोज घरून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अन्नाचा प्रश्न मात्र भांड्यापाशी येऊन थांबत असे. खेड्यात तीन-चार मैल चालत जाणारे मूल भाकरी फडक्यात बांधून नेत असे, आणि भाकरीवर ठेवलेल्या चटणीचे तेल फडक्याला लागून त्याचा रंग कायमचा पिवळट लाल होई. शहरी घरांत पितळेचा डबा होता. पण पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणजे धातूचा अंश उतरून हिरवट व बेचव होतो, म्हणून डब्याला आतून कल्हई असणे आवश्यक होते. कल्हईवाला दारात येऊन जमिनीत खळगा करून भाता लावी, भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुराच्या लोटात कथलाचा थेंब कापसाच्या बोळ्याने आतून झरझर फिरवी, की काळवंडलेले भांडे क्षणात रुपेरी होई. ही कल्हई घासून घासून उडे, ती उडाली हे कधीकधी चिंचेच्या आमटीनेच प्रथम कळवावे, आणि म्हणून शहाणी गृहिणी डब्यात चिंच-ताकाचे काही घालत नसे. नंतर अॅल्युमिनियमचे भांडे आले, ज्याला मराठीत ‘जर्मन’ हे नाव चिकटले. ते हलके व स्वस्त होते, पण सहज पोचत असे आणि त्याचे झाकण एकदा वाकले की पुन्हा नीट बसत नसे. स्टेनलेस स्टील साधारणतः १९६० नंतर मध्यमवर्गीय घरांत शिरू लागले आणि पुढच्या वीस वर्षांत त्याने पितळेला माळ्यावर पाठवले. जुने कपडे देऊन बोहारणीकडून घेतलेला, बाजूला कड्या असलेला चपटा स्टीलचा डबा, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेले मुलाचे नाव, आणि आत भाजीसाठी बसवलेली छोटी डबी, ही रचना इतकी स्थिर झाली की पदार्थांनी तिच्याप्रमाणे आकार घेतला: पोळी चौपदरी घडीची, भाजी कोरडी, आमटी घरी.

डब्यातल्या अन्नाची खरी अडचण चवीची नसून वेळेची आहे, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला पुस्तक न वाचता कळलेले असते. सकाळी शिजवलेला पदार्थ दुपारी, बंद भांड्यात, गार झालेला आणि दप्तरात हिंदकळलेला असा खाल्ला जातो, आणि या तीन-चार तासांत प्रत्येक पदार्थ आपापल्या रीतीने बिघडतो. गरम पोळी लगेच झाकली तर वाफ धरून तिचा लगदा होतो आणि उघडी ठेवली तर ती वातड होते, म्हणून ती तूप लावून, परातीत किंवा जाळीवर निववून मगच घडी करायची. ओल्या नारळाचे खोबरे घातलेली भाजी उन्हाळ्यात लवकर विटते, त्यामुळे कोकणातली रोजची सवय देशावरच्या चैत्र-वैशाखात डब्यापुरती मोडावी लागते. मटकीची उसळ आंबते आणि तिचा रस वहीवर उतरतो. शिकरण डब्यात नेता येत नाही. भात गार झाला की त्याचे दाणे टणक होतात, पण तोच फोडणी देऊन दह्यात कालवला तर बरा लागतो. या सगळ्यातून तावून सुलाखून उरलेल्या पदार्थांची यादी छोटी आहे: बटाट्याच्या काचऱ्या, भेंडी, मेथीचे ठेपले व धपाटे, फोडणीची पोळी, तूप-साखर किंवा गूळ-तूप लावून गुंडाळलेली पोळी, साखरांबा, कोरडी चटणी. मुलांना डब्यात हेच आवडते असा समज पुढे रूढ झाला. खरे पाहता मुलांनी आवडून घेतले ते चार तासांनंतरही खाण्याजोगे राहणारे पदार्थ. रुचीचा इतिहास अनेकदा असा टिकाऊपणाच्या इतिहासामागून चालत येतो.

मुंबईत या अडचणीवर एक वेगळाच उपाय निघाला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेली मानली जाणारी डबे पोहोचवण्याची व्यवस्था, जिच्यात आजच्या खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांतून आलेले लोक प्रामुख्याने होते, मुख्यतः कचेऱ्यांसाठी असली तरी तिच्या साखळीत शाळाही येत होत्या. अशा घरांत स्वयंपाक सकाळी घाईत न उरकता दहा-साडेदहाला करून डबा गरम पाठवता येई. पण हा उपाय मुंबईच्या लोकलगाड्यांवर आणि महिन्याच्या पैशांवर अवलंबून होता, त्यामुळे तो सार्वत्रिक झाला नाही. ‘डबा लावणे’ हा मराठी शब्दप्रयोग आला तोही नोकरदाराच्या खाणावळीतून, शाळकरी मुलापासून नव्हे.

शाळेतील डब्याचे वैशिष्ट्य असे की घरचे अन्न प्रथमच घराबाहेरच्या नजरेसमोर रोज उघडले जाते, आणि मुलाने डबा न खाण्याचे सर्वांत जुने कारण नावड नसून ही नजर आहे. ज्या वर्गांत अस्पृश्य मानलेल्या मुलांना निराळे बसवले जाई आणि पाणी वरून ओतले जाई, त्या वर्गात अन्न उघडण्याचा अर्थ काय होता याची कल्पना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्यातील शालेय दिवसांबद्दल जे लिहून ठेवले आहे त्यावरून येते: बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई हजर असला तरच मिळणारे पाणी. कायद्याने शाळांची दारे उघडल्यानंतरही नजर राहिली, आणि तिने धान्याचा आधार घेतला. देशावरच्या बहुसंख्य घरांचे रोजचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी होते आणि गव्हाची पोळी सणावारी होई. शहरातील वरच्या जातींच्या घरांत मात्र पोळी रोजची होती. म्हणून एकाच बाकावर भाकरी आणि पोळी शेजारी-शेजारी उघडल्या गेल्या तेव्हा कोण कुठून आले आहे हे कोणाला विचारावे लागत नसे. भाकरीचा तुकडा झाकणाच्या आडोशाने खाण्याची, किंवा भूक नाही म्हणून डबा न उघडण्याची, सवय यातूनच लागली. सुकट-बोंबलाचा वास तर झाकणाने लपवता येत नाही, त्यामुळे किनारपट्टीकडून आलेल्या मुलांच्या वाट्याला नाके मुरडणे अधिक आले. रेशन दुकानांतून मिळणाऱ्या गव्हाने आणि पुढे हरितक्रांतीने पोळी स्वस्त व सार्वत्रिक केली, तेव्हा डब्यातून भाकरी झपाट्याने मागे हटली. तिला हटवणारी शक्ती गव्हाची चव होती असे म्हणण्यापेक्षा वर्गातली लाज होती असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. आता २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यानंतर तीच नाचणी आणि बाजरी ‘पौष्टिक’ असे बिरूद लावून त्याच डब्यात, बहुधा कुकी किंवा डोशाच्या रूपात, परतली आहे, आणि ज्यांनी ती पिढीपूर्वी लपवली त्यांची नातवंडे ती मिरवतात, हा काळाचा खोडसाळपणा म्हणावा लागेल.

या नजरेला मराठी शाळेने शोधलेले उत्तर म्हणजे अंगतपंगत. गोल किंवा रांगेत बसून सर्वांनी डबे मध्ये ठेवायचे आणि प्रत्येकाने प्रत्येकाचे थोडे खायचे, ही पद्धत शिक्षकांनी सहली, वनभोजने आणि शनिवारच्या मोकळ्या तासांतून रुजवली. पंगत हा शब्द पंक्ती या शब्दापासून आला आहे, आणि पंक्ती ही जातीच्या हद्दी राखणारी व्यवस्था होती, इतकी की पंगतीत दुजाभाव करण्याला पंक्तिप्रपंच हा स्वतंत्र शब्द तयार झाला. त्याच शब्दाने मुलांच्या तोंडी नेमका उलट अर्थ घ्यावा ही घटना भाषेच्या इतिहासातही लक्षणीय आहे. अंगतपंगतीत सगळे समान होते असे मानण्याचे कारण नाही. कोणाचा डबा आधी संपतो आणि कोणाच्या डब्याला कोणी हात लावत नाही, हे मुले मोठ्यांपेक्षा चटकन टिपतात. तरीही सहभोजनाच्या चळवळींना जे व्यासपीठावरून, ठराव करून घडवावे लागले, ते मधल्या सुट्टीत लिंबाच्या लोणच्याच्या फोडीवरून सहज घडत असे. घरी जिला पाहून नाक मुरडले जाते ती कोबीची भाजी मित्राच्या डब्यातून आली की मूल ती चाटूनपुसून खाते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की मुले काय खातात या प्रश्नाचे निम्मे उत्तर ती कोणाबरोबर खातात यात आहे असे मानण्यास हरकत नसावी.

डबा संपला पाहिजे ही अपेक्षा आईच्या कर्तबगारीचे माप होऊन बसली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५९ पासून हॉकिन्स आणि प्रेस्टीज या नावांचे प्रेशर कुकर बाजारात आले, पुढच्या दोन दशकांत शेगडी आणि रॉकेलच्या स्टोव्हची जागा गॅसने घेतली, आणि सकाळी सहाला स्वयंपाक तयार असणे शक्य झाले. शक्य झाले म्हणताच ते कर्तव्यही ठरले. याच काळात लोकसंख्या वाढलेल्या शहरांत शाळा सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरू लागल्या, आणि सकाळच्या मुलांसाठी पोळीभाजीच्या डब्याआधी छोट्या सुट्टीचा ‘खाऊचा डबा’ असा दुसरा डबा उत्पन्न झाला. नोकरीला जाणाऱ्या बाईला एका ओट्यावर मुलांचे दोन, नवऱ्याचा एक आणि स्वतःचा एक असे डबे भरावे लागत. कारखानदारांनी ही फट अचूक हेरली. मुंबईच्या विलेपार्ल्यात तयार होणारे ग्लुकोज बिस्किट आधीपासून होतेच. त्यात कापलेला पाव, बाटलीतला जाम आणि १९८३ च्या सुमारास दोन मिनिटांत होणाऱ्या मॅगी नूडल्सची भर पडली. नूडल्स डब्यात गार होऊन एकमेकींना चिकटतात आणि ठोकळा होऊन निघतात, तरीही त्या संपतात, यावरून डब्याच्या बाबतीत प्रतिष्ठेपुढे चवीचे किती चालते ते कळते. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा यांसारख्या पदार्थांवर बंदी घातली खरी, पण घरून येणाऱ्या झाकणाच्या आत शासननिर्णय पोहोचत नाही. त्यापेक्षा चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत हा २०२४ चा निर्णय, झोपेच्या कारणास्तव घेतलेला असला तरी, डब्याच्या दृष्टीने अधिक परिणामकारक ठरण्याजोगा होता, कारण पहाटे अर्धवट झोपेत भरलेला आणि सकाळी सातला झाकलेला डबा हीच मूळ अडचण होती.

हा सारा विचार ज्यांच्या घरी डबा भरला जातो त्यांच्यापुरता झाला. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलो ज्वारी आणि सुकडी या नावाने ओळखला जाणारा गोडसर पूरक आहार खाऊन वाढलेल्या पिढीला शाळेतले अन्न म्हणजे सरकारी अन्न हे समीकरण परिचित होते. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशभर सुरू झालेल्या पोषण आहार योजनेत बहुतेक ठिकाणी मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यास मिळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिल्यावर महाराष्ट्राच्या शाळांत खिचडी शिजू लागली आणि दप्तरातून डब्याऐवजी ताटली येऊ लागली. प्राथमिक वर्गातील मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, त्याला कडधान्याची जोड आणि किमान ४५० उष्मांक हे तिचे कागदावरचे माप. गोव्यात याच योजनेखाली महिला मंडळे व बचत गट पाव-भाजी पुरवतात, यावरून स्थानिक जिभेला थोडी मोकळीक दिली तर काय होते ते दिसते. महाराष्ट्रात तीच ती खिचडी टाकली जाते ही तक्रार वारंवार झाली, २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरले, आणि २०२५ च्या आरंभी अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवण्यात आला. म्हणजे मुलाने काय खावे याबद्दलची जुनी ओढाताण ओसरीवरून मंत्रालयात गेली, एवढेच. तिच्यात मुलाचे मत तेव्हाही कोणी विचारले नव्हते.

मुलांनी आपले मत नेहमीच दुसऱ्या मार्गाने नोंदवले आहे. अमोल गुप्ते यांच्या ‘स्टॅनले का डब्बा’ (२०११) या हिंदी चित्रपटात डबा नसलेला मुलगा आणि मुलांच्या डब्यांवर डोळा ठेवणारा शिक्षक यांची गोष्ट आहे. पण डबा असलेल्या मुलांचेही स्वतःचे अर्थशास्त्र असते. एका धपाट्याला दोन बिस्किटे, साखरांब्याच्या पोळीला अर्धा वडापाव, आणि कारल्याच्या भाजीला काहीच नाही, असे भाव वर्गागणिक ठरतात, उरलेले शाळेच्या कुंपणापाशी थांबणाऱ्या कुत्र्याला किंवा कावळ्यांना जाते, आणि डबा नळाखाली विसळून दप्तरात ठेवला जातो. अलीकडे काही शाळांनी अॅलर्जी आणि आजारांच्या कारणाने डबे वाटून खाण्यावर बंदी घातली आहे, त्यामुळे ही देवघेव आता बाकाखालून चालते. संध्याकाळी ओट्यावर आलेला रिकामा, स्वच्छ डबा पाहून आई समाधान पावते, आणि त्यातली भेंडी कोणी खाल्ली हे डब्याला सांगता येत नाही.